मांडवीच्या बेटांवरून

गोव्याला गेलेला माणूस सहसा समुद्राकडे तोंड करून बसतो. पाठीमागे मांडवी नदी आहे आणि तिच्या पात्रात चोडण, दिवाडी, जुवे अशी बेटं आहेत, हे त्याच्या गावीही नसतं. मी मात्र गोव्यात एकटाच जातो तो या बेटांसाठी. एकटं जाण्यामागे मोठं तत्त्वज्ञान नाही. फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट पडत नाही, बोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे लागते, आणि चुकली तर पुढची येईपर्यंत धक्क्यावर बसून राहावं लागतं. सोबत कोणी असलं की लगेच चुळबूळ सुरू होते. एकट्याला समोरचं पाणी नीट बघता येतं, आणि या नदीचा इतिहास समजायला पाण्याची रुंदी डोळ्यांनी मोजणं फार गरजेचं आहे.

पहिली बोट जुन्या गोव्याहून घ्यावी. व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट धक्क्यावर उतरतो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कमान उभी राहिली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय नदीतून उतरून हिच्यातूनच शहरात शिरायचा. आता तिच्याखालून दिवाडीची माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन ये-जा करतात. बोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफाच. पुढची फळी खाली पडते, मोटारसायकली आधी सुटतात, मग गाड्या, आणि मागून आपण.

दिवाडीवर उतरलं की दोन्ही बाजूंना भातशेती लागते, आणि ती नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, हे थोडं चालल्यावर ध्यानात येतं. या जमिनींना खाजन म्हणतात. खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि मानशीच्या दारांमधून आत-बाहेर सोडायचं, अशी ही जुनी व्यवस्था. एक बांध फुटला तर सगळ्या गावाचं शेत खारावतं, म्हणून बांधाची राखण गावकरी नावाची ग्रामसंस्था करी. अल्बुकर्कने १५१० साली तिसवाडी घेतली. त्यानंतर १५२६ च्या सनदेत पोर्तुगीजांनी गावकरीचे हक्क आणि रिवाज लिहून काढून मान्य केले. राजधानीला भात हवं होतं, आणि बांध सांभाळायचं तंत्र गावकऱ्यांच्या हातात होतं.

देवांच्या बाबतीत मात्र ही समजूत दाखवली गेली नाही. दिवाडीच्या उत्तरेकडच्या नार्वे गावी सप्तकोटीश्वराचं देऊळ होतं. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरूद कोरलेलं आहे. बहामनी अंमलात, चौदाव्या शतकात ते एकदा उद्ध्वस्त झालं, आणि पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने देवाची पुन्हा स्थापना केली. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, त्यांत हेही गेलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि भक्तांनी ते रातोरात पलीकडे नेलं, असं परंपरा सांगते. बेटावर पिएदादच्या टेकडीवर आज सुंदर चर्च आहे. त्याच्या शेजारच्या दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलात कदंबकाळातल्या देवळाचे कोरीव अवशेष दाखवतात. मला ते चॅपेल चर्चपेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवतं.

‘गोव्यातले देव पळवून नेले’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो आणि डोळ्यांसमोर डोंगर, जंगल, दूरचा प्रवास उभा करतो. दिवाडीहून पलीकडच्या तीराला जाणाऱ्या बोटीत उभं राहिलं की खरं अंतर कळतं. समोरच्या काठावरचा माणूस ओळखू यावा एवढीच नदी! पण त्या काठावर डिचोली, म्हणजे तेव्हाची आदिलशाही. अलीकडे ज्या मूर्तीसाठी माणसाचं घरदार जप्त होऊ शकत होतं, ती पलीकडे उघड पुजता येत होती. डिचोली १७८० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीजांकडे गेली. तोवर, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं, आपली ही पाच मिनिटांची बोट ज्या पाण्यावरून जाते ती दोन राज्यांमधली सरहद्द होती.

पलीकडच्या गावालाही आता नार्वेच म्हणतात. देवाबरोबर नावही नदी ओलांडून आलं. धक्क्यापासून थोडं चालून गेलं की झाडीत, खोलगट जागी देऊळ दिसतं. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये इथे बांधकाम सुरू करवलं. शके १५९० चा संस्कृत शिलालेख दारावर आहे. तो जेमतेम काही ओळींचा. स्वराज्याच्या राजाने ऐन सरहद्दीवर, पोर्तुगीजांना नदीपलीकडून घंटा ऐकू येईल अशा जागी देऊळ बांधावं, यात भक्ती होतीच. पण मला त्यात राजकारणही तेवढंच दिसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये या देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम पुरं होऊन ते पुन्हा खुलं झालं.

पंधरा वर्षांनी या पाण्याने उलटी बाजूही पाहिली. संभाजी महाराजांच्या फौजेने २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे म्हणजे सांत इस्तेव्ह, राजधानीच्या अगदी उशाशी. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काउंट आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन चालून गेला आणि जखमी होऊन, माणसं गमावून परतला. भरतीचं पाणी चढत होतं, पळणाऱ्यांना चिखल आणि खाडी आडवी आली. याच मोहिमेत महाराजांचा घोडा पाण्यात सापडला आणि खंडो बल्लाळाने त्यांना वाचवलं, असं आपल्याकडे सांगितलं जातं. व्हाइसरॉयने पुढे सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्या संताच्या हाती सोपवला; आता गोवा तूच राख, अशा अर्थाने. अखेर मोगल शाहजादा मुअज्जमची फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना मागे फिरावं लागलं. जुव्याला आता पुलावरून मोटारीने जाता येतं, त्यामुळे ही भरती-ओहोटी कोणाच्या लक्षात येत नाही.

पुलांबद्दल मी तक्रार करणार नाही. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल त्या घराला बोटीचं कौतुक सांगू नये. पण ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा माणसांना पार नेण्याचं ओझं पुन्हा फेरीबोटींवरच आलं होतं, एवढं नोंदवून ठेवतो. चोडणच्या मार्गावर तर जुलै २०२५ पासून मोठ्या रो-रो बोटी धावू लागल्या.

चोडणला दिवाडीहून सरळ बोट नाही. रायबंदरला परत यायचं आणि तिथून दुसरी धरायची. खारफुटीत डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, म्हणून बाहेरचे लोक तिथे येतात. माझं कारण वेगळं. देवकीकृष्णाचं मूळ स्थान या बेटावर होतं. कृष्णाला राधेबरोबर, रुक्मिणीबरोबर आपण खूप पाहतो. इथे तो आईबरोबर आहे. ही मायलेकरं आधी मयेला आणि मग माशेलला गेली, आणि माशेललाच राहिली. तिथे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी या देवळापुढच्या पटांगणात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावून मोठमोठी माणसं भर पावसात, गुडघाभर चिखलात, पोरांसारखी लोळतात.