मज्जारज्जूची इजा : पायांआधी कातडी आणि मूत्राशय सांभाळावे लागते

माडावरून पडलेला पाडेली, पावसाळ्यापूर्वी कौले परतताना घसरलेला गृहस्थ, रात्री दुचाकीसह दुभाजकावर आदळलेला तरुण, पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणीत सूर मारून तळाला डोके आपटलेला मुलगा. पाठीचा कणा मोडण्याच्या घटना गोव्यात अशाच प्रसंगांतून घडतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि ‘गोमेकॉत उपचार सुरू आहेत’ या वाक्यावर संपते. त्यानंतरची वीस-तीस वर्षे बातमीत येत नाहीत. ती त्या घरात एका घड्याळाच्या काट्यावर चाललेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. दरवर्षी ५ सप्टेंबर हा या विषयाचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो शिक्षक दिनाच्या आणि चवथीच्या धामधुमीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

मणका आणि मज्जारज्जू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. मणके म्हणजे हाडे. त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू मेंदूपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरतो आणि त्यातून चेतातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. हाड जुळते. तुटलेला किंवा चेंगरलेला मज्जारज्जू हाडासारखा जुळत नाही. शस्त्रक्रियेत सळ्या आणि स्क्रू बसवतात ते मुख्यतः मणके स्थिर करण्यासाठी आणि रज्जूवरचा दाब काढण्यासाठी. ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ असे डॉक्टर सांगतात आणि ‘म्हणजे आता चालणार’ असे घरचे समजतात. पुढच्या अनेक दुःखांचे मूळ या गैरसमजात असते.

इजा जितकी वर, तितके शरीर अधिक गमावले जाते. मानेतील तिसऱ्या ते पाचव्या चेतातंतूंवर श्वासपटल चालते, त्यामुळे त्याच्या वरची इजा श्वासावरच येते. सहावा शाबूत असेल तर मनगट वर उचलता येते आणि त्या हालचालीने बोटे आपोआप किंचित मिटतात. एवढ्या पकडीवर माणूस पेला धरायला शिकतो. सातवा वाचला तर कोपर सरळ करता येते, म्हणजे हातांवर भार देऊन पलंगावरून खुर्चीवर सरकता येते. एका मणक्याच्या फरकाने माणूस परावलंबी की बराचसा स्वावलंबी, हे ठरते. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असेल तर हात पूर्ण वाचतात, पाय जातात.

पहिल्या काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, मज्जारज्जू धक्क्याच्या अवस्थेत असतो आणि इजेखालचा भाग पूर्ण लुळा पडतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ठाम भाकीत मागू नये आणि कोणी केले तर त्यावर विसंबूही नये. गुदद्वाराभोवती स्पर्शाची थोडी जरी जाणीव उरली असेल, तर इजा अपूर्ण मानली जाते आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते.

सगळेच रुग्ण अपघाताचे नसतात. आपल्या देशात मणक्याचा क्षय हे मोठे कारण आहे. महिनोन्महिने रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि मग पायांत आलेला जडपणा अशी त्याची चाल असते. वेळेत औषध सुरू झाले तर यातले बरेच रुग्ण पुन्हा चालतात, म्हणून अशा पाठदुखीला नुसते तेल चोळत बसणे महागात पडते. वयस्कांत मानेचे मणके झिजून रज्जू दाबला जातो. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे आणि चालताना तोल जाणे ही त्याची सुरुवात असते.

दर दोन तासांनी

इजिप्तमधील एका प्राचीन पपायरसवर मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाची नोंद आहे आणि त्यापुढे शेरा आहे : यावर उपचार करू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परिस्थिती फारशी बदलली नव्हती. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावले. लुळ्या पायांनी माणूस मरत नाही. ते मेले शय्याव्रणांतून रक्तात गेलेल्या जंतूंनी आणि मूत्रपिंडे नासल्यामुळे.

हे चित्र पालटले ते १९४४ साली. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गटमन यांच्याकडे इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयातील नवा विभाग सोपवण्यात आला. त्यांच्या हाती नवे औषध नव्हते. रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, मूत्राशय स्वच्छ हातांनी वेळेवर रिकामे करायचे आणि माणसाला कामाला लावायचे, एवढीच त्यांची पद्धत होती. पहारेकऱ्यासारखे ते मध्यरात्री वॉर्डात येऊन रुग्ण वळवले आहेत की नाही ते पाहत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे बीज ते. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले जवान होते. त्यांच्यावर चित्रपट निघाल्यानंतर घरोघरी त्यांचे नाव झाले, पण त्या पदकामागेही हीच रोजची शिस्त असते, हे पडद्यावर फारसे दिसत नाही.

संवेदना गेलेल्या कातडीला दुखत नाही, म्हणून ती तक्रार करत नाही. धडधाकट माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. इथे ते काम दुसऱ्याच्या हातांनी करावे लागते. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू आणि बसण्याची दोन हाडे या जागा रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाहाव्यात. लाल डाग पडला आणि दाब काढल्यावरही तो अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये. त्या वेळी दोन दिवस पालथे झोपण्यावर भागते. दुर्लक्ष झाले तर तीच जखम हाडापर्यंत जाऊन सहा महिने घेते. व्हीलचेअरवर बसलेल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून बैठकीवरचा भार उतरवावा आणि तो एक-दोन मिनिटे तसाच ठेवावा. मध्ये भोक असलेली रबरी रिंग घरोघरी प्रेमाने आणली जाते. ती वापरू नये, कारण कडेच्या दाबाने मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. भाजण्याचे प्रकारही असेच नकळत घडतात : मांडीवर ठेवलेला गरम पेजेचा वाडगा, शेकायची पिशवी, दुचाकीचा सायलेन्सर. पावसाळ्यात कपडे आणि गाद्या नीट वाळत नाहीत. ओलसर कातडी लवकर फाटते, म्हणून जून ते सप्टेंबर हे चार महिने अधिक जपावे लागतात.

मूत्राशयाचे गणितही घड्याळाचेच आहे. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढणे हा बहुतेकांसाठी उत्तम मार्ग मानला जातो. एका वेळी साधारण पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त साठू देऊ नये. साठलेली लघवी उलट मूत्रपिंडांकडे चढते आणि नुकसान वर्षानुवर्षे मुकाट्याने होत राहते. म्हणून पाणी पिण्याच्याही वेळा ठरवाव्या लागतात. लग्नाला किंवा जत्रेला जायचे म्हणून दिवसभर पाणी न पिणारे अनेक असतात, कारण तिथे खुर्ची आत जाईल असे शौचालय नसते. तपासणीत नुसते जंतू आढळले म्हणून दर वेळी प्रतिजैविके घेऊ नयेत. ताप, थंडी, गढूळ लघवी किंवा पायांचे आखडणे अचानक वाढणे, यांपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांकडे जावे. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी चुकवू नये.

शौचाची वेळ रोज एकच ठेवावी. जेवणानंतर किंवा गरम पेयानंतर वीस-तीस मिनिटांनी आतड्यांना स्वाभाविक चालना मिळते, तिचा फायदा घ्यावा. ही वेळ बसायला दोन-तीन महिने लागतात. या विषयावर घरात बोलणे लाजिरवाणे वाटते आणि नेमके त्यामुळेच माणूस घराबाहेर पडणे सोडतो.

डोकेदुखी जी थांबू देऊ नये

एका धोक्याची माहिती मात्र घरातल्या प्रत्येकाला हवी. छातीच्या सहाव्या चेतातंतूच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाला अचानक ठोके पडणारी डोकेदुखी, चेहऱ्याला लाली आणि इजेच्या वरच्या भागाला घाम सुटला, तर त्याचा रक्तदाब भडकलेला असतो. खाली कुठे तरी मूत्राशय तुंबलेले असते, नळी मुडपलेली असते, मलावरोध झालेला असतो किंवा कपडा काचत असतो. मेंदूला ते कळत नाही, पण रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अशा वेळी त्याला आडवे न करता सरळ बसवावे, कपडे व पट्टे सैल करावेत, नळी तपासावी आणि लघवी काढावी. लगेच उतार पडला नाही तर १०८ वर फोन करावा. अशा रुग्णाचा नेहमीचा रक्तदाबच शंभरच्या आसपास असतो, त्यामुळे १४० हा आकडा पाहून ‘ठीक आहे’ असे समजणे जिवावर बेतू शकते. ही गोष्ट सर्व दवाखान्यांत ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तिची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी.

जाणीव नसलेल्या पायांत आग होते, विजेसारख्या कळा येतात. हा भास किंवा मनाचा खेळ नव्हे. दुखावलेल्या मज्जारज्जूतून उठणारी ती खरी वेदना आहे आणि तिच्यावर वेगळी औषधे आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्या तिला लागू पडत नाहीत. विवाहित जोडप्यांच्या मनातला प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. स्त्रियांची पाळी काही महिन्यांत पूर्ववत होते आणि गर्भधारणा शक्य असते. पुरुषांना अपत्यासाठी वैद्यकीय मदत लागू शकते, पण ती उपलब्ध आहे.

घराच्या पायऱ्या

जुने गोमंतकीय घर उंच जोत्यावर, बलकावाच्या पायऱ्या चढून मग उंबरठा ओलांडून आत. बारास एक या प्रमाणाचा उतार मान्य आहे, म्हणजे दोन फूट जोत्यासाठी चोवीस फूट लांब रॅम्प. अंगणात तेवढी जागा नसेल तर तो वळवून घ्यावा लागतो. चढ छोटा करून भागवला तर पहिल्याच पावसात खुर्ची मागे घसरते. शौचालयाचा दरवाजा निदान तीन फूट रुंद हवा. अनेक घरांत तो दोनच फूट असतो. घर बदलण्याआधी पैसे मोटारीवर घालवण्याची चूक बरीच कुटुंबे करतात.

आणि उचलणारी माणसे. बहुधा आई किंवा पत्नी. वर्षभरात तिचीच पाठ धरते. सरकण्याची फळी वापरायला शिकवणे, दोघांनी मिळून उचलणे, आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या नातेवाइकाने जबाबदारी घेणे हे उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मासिक अर्थसाहाय्यासाठी अर्ज करता येतो. याच कायद्यातील एक तरतूद मात्र फार थोड्यांना माहीत असते : सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. रुग्णालयातून घरी आल्यावर वैतागून, कोणाच्या सांगण्यावरून, राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी ही तरतूद वाचून घ्यावी किंवा राज्य दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात विचारणा करावी.