उडी, पतन आणि हास्य

पडद्यावरचा एखादा वेडाबागडा पुतळा उडी मारतो, धडपडतो, पुन्हां तळाशीं येऊन आदळतो; आणि खेळणारा मुलगा खदखदून हंसतो व नव्यानें आरंभ करतो. वडील मंडळी यास कालापव्यय म्हणतात. तो तसा असेलहि. परंतु ज्या खेळांत जिंकण्यापेक्षां पडणेंच अधिक, त्यांची एवढी गोडी कां वाटावी, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या विचार करण्याजोगा आहे.

व्हिडिओ खेळांचें गतिशास्त्राशीं नातें जुनें आहे. फेकलेली वस्तु कोणत्या वक्ररेषेनें जाते, हें गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें तीच वक्ररेषा ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर उमटविली, आणि प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांसाठीं टेनिसचा खेळ तयार केला. पूर्वीं अणुबाँबच्या कामांत गुंतलेल्या या गृहस्थाचे हात येथें निव्वळ करमणुकीस लागले.

पुढें उडी हीच खेळाचा प्राण झाली. जपानी रचनाकार शिगेरु मियामोतो यांच्या 'डाँकी काँग' या खेळांत (१९८१) नायक गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्यें (१९८५) तर त्या उडीचें शास्त्रच बनलें. मात्र त्यांत एक गोड लबाडी आहे. कळ अधिक वेळ दाबून धरली कीं उडी उंच जाते. एवढेंच नव्हे, तर अधांतरीं असतांनाहि मारिओला दिशा बदलतां येते. न्यूटनच्या सृष्टींत हें कोणासहि साधणार नाहीं. निसर्गानें येथें न्यायाधीशाचें आसन सोडून लाड पुरविणाऱ्या आजीची भूमिका घेतली आहे.

या लाडांवरची प्रतिक्रिया मोठी मौजेची आहे. मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असलेले ऑस्ट्रेलियन रचनाकार बेनेट फॉडी यांनीं २००८ सालीं 'क्यूडब्ल्यूओपी' हा खेळ काढला. त्यांत धावपटूच्या मांड्या दोन कळांनीं आणि पोटऱ्या दुसऱ्या दोन कळांनीं हलवावयाच्या. शंभर मीटर धांवणें दूरच. नवशिक्याचा वीर दोन पावलांतच भुईसपाट होतो! त्यांच्याच २०१७ च्या खेळांत कढईंत बसलेला डायोजिनीस नांवाचा मनुष्य केवळ हातोड्याच्या आधारानें डोंगर चढतो. एक चूक, आणि तासांची कमाई क्षणांत जाते.

जिवंत माणूस यंत्रासारखा वागूं लागला म्हणजे हंसूं येतें, असें बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें १९०० सालच्या हास्यविषयक ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. पाहणाऱ्याच्या हंसण्याचा उलगडा त्यानें होतो. पण पडणारा पुन्हां कां उठतो, याचा होत नाहीं. आमच्या मतें त्याचें कारण न्यायबुद्धींत आहे. या खेळांतील नियम कठोर असला तरी निःपक्षपाती असतो. तो वशिला जाणत नाहीं. कित्येक खेळांतल्याप्रमाणें येथें पैसे मोजून पुढची पायरी गांठतां येत नाहीं. पडलों तें आपल्याच हातानें, आणि चढूं तेंहि आपल्याच हातानें, अशी खात्री पटली कीं अपयशाचा डंख बोथट होतो. चालावयास शिकणारें मूल ह्याच खात्रीनें दिवसांतून पन्नासदां पडतें व उठतें.

तेंच मूल शाळेंत जाऊं लागलें कीं पडण्याची किंमत एकाएकीं वाढते. तेथें एक चूक गुण नेते, दुसरी चारचौघांत मान खालीं घालावयास लावते. आणि घरीं शेजारच्या मुलाशीं तुलना वाट पाहतच असते. खेळाच्या वेळेस मर्यादा घालणें हा वडिलांचा अधिकार आहे, आणि तो त्यांनीं अवश्य बजावावा. तथापि मुलास पडद्यासमोरून उठवितांना एवढें मनांत आणावें, कीं अब्रू न गमावतां पुन्हां पुन्हां पडण्याची दुसरी कोणती जागा आपण त्याच्यासाठीं ठेविली आहे?