चाकरीत घडलेला रियासतकार

मुलुखाबाहेर चाकरीस असलेल्या मराठी मनुष्याची लेखणी बहुधा एकाच चाकोरीतून चालते. टिपण, अहवाल, खुलासा आणि क्वचित घरी धाडावयाचे पत्र, एवढ्यावरच तिची हयात सरते. ‘लिहावयाचे ते निवृत्तीनंतर, पुण्यास जाऊन,’ असे आपण म्हणतो. आणि तो दिवस उगवतो तेव्हा हात टिपणाखेरीज दुसरे काही लिहावयास राजी नसतो. अशा वेळी आम्हांस गोविंद सखाराम सरदेसाई यांचे स्मरण होते. मराठ्यांचा सलग इतिहास लिहिणारे म्हणून सारे त्यांस ओळखतात. परंतु ते रियासतकार झाले ते परमुलुखातील चाकरीत राहून, आणि समोर आलेला प्रत्येक नवा लेखनप्रकार अंगीकारून, याकडे फारसे लक्ष जात नाही.

सरदेसायांचा जन्म 1865 सालचा, रत्नागिरीकडचा. 1889 मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांचे रीडर म्हणून रुजू झाले. ग्रंथ वाचून दाखवावयाचे, हे त्यांचे काम. महाराजांच्या इच्छेने त्यांनी मॅकिआव्हेली व सीली यांचे ग्रंथ मराठीत आणले. ही भाषांतरे आज कोणी वाचीत नाही. पण राज्ये कशी मिळतात, कशी विस्तारतात आणि कशी जातात, हा प्रश्न मराठी वाक्यात मांडण्याचा सराव त्यांस येथेच झाला, असे आम्हांस वाटते.

पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे काम आले. धड्यांसाठी टाचणे काढावी लागली. टाचणे वाढत गेली आणि त्यांतून 1898 मध्ये ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली. समोर बसलेल्या मुलास कंटाळा येऊ न देता सांगणे, ही शिकवणीची अट. तीच पुढे ग्रंथाची शैली झाली. 1902 पासून ‘मराठी रियासत’ निघू लागली. तिचे आठ भाग व्हावयास सुमारे तीस वर्षे लागली, आणि त्यांतील बराच काळ ग्रंथकर्ता बडोदे दरबारचा नोकर होता.

1925 मध्ये ते निवृत्त होऊन कामशेतला राहू लागले. येथे एखादा थांबला असता. सरदेसायांनी पाटणा विद्यापीठात इंग्रजीतून व्याख्याने दिली. मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाह कोणते, हे मोजक्या तासांत अमराठी श्रोत्यांपुढे मांडावयाचे होते. रियासतीत घटनेमागून घटना सांगता येत होती. व्याख्यानात तिचा अर्थ सांगणे भाग पडले.

खरी कसोटी पुढेच होती. 1929 मध्ये मुंबई सरकारने पेशवे दफ्तरातील निवडक कागदांच्या प्रकाशनाचे काम त्यांच्याकडे सोपविले. वय चौसष्ट. मोडी कागदांचे हजारो रुमाल सोडावयाचे, वाचावयाचे, तारखा लावावयाच्या, निवडावयाचे आणि बाळबोधीत छापावयाचे. आयुष्यभर ज्याने गोष्ट सांगितली त्याने आता स्वतः गप्प राहून दुसऱ्यांच्या पत्रांना बोलू द्यावयाचे, हा लेखनधर्मच निराळा. 1934 पर्यंत पंचेचाळीस खंड बाहेर पडले. रियासतीचे आधीचे भाग हे कागद हाती येण्यापूर्वी लिहिलेले होते. म्हणजे स्वतःच्याच ग्रंथात ज्यामुळे दुरुस्ती करावी लागेल असा पुरावा ते स्वतःच्या हाताने छापीत होते. आपल्या जुन्या शेऱ्याविरुद्ध जाणारा कागद फायलीत वर लावण्यास किती धैर्य लागते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक पुस्तक सिद्ध केले: ‘श्यामकांताची पत्रे’. श्यामकांत हा त्यांचा अकाली निवर्तलेला मुलगा. शेकडो अपरिचितांची पत्रे लावणाऱ्या संपादकास आपल्या मुलाचीही पत्रे लावावी लागली. येथे लेखनप्रकार बदलला तो विद्येसाठी नव्हे.

यानंतर 1946 ते 1948 या काळात इंग्रजीत मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत आला. मराठीत नुसते ‘पानिपत’ म्हटले की वाचक समजतो; चौथ आणि सरदेशमुखी हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. परक्या वाचकास प्रत्येक गोष्टीचे कारण द्यावे लागते, आणि कारण देऊ लागले की लेखकासही ते नव्याने तपासावे लागते. म्हणून हा ग्रंथ रियासतीचा निव्वळ अनुवाद नाही. त्यात नव्या कागदांची भर आहे आणि पाल्हाळाची काटछाट आहे. पहिला खंड निघाला तेव्हा सरदेसाई एक्याऐंशी वर्षांचे होते. पुढे त्यांनी आत्मचरित्रही लिहिले, आणि 1959 मध्ये ते निवर्तले.

रियासतीत पसारा आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सरदेसायांची प्रत्येक कृती सारख्याच तोलाची आहे, असेही आम्ही म्हणत नाही. परंतु एका प्रकारात नाव झाल्यावर त्याच चाकोरीत फिरत राहणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. नव्या प्रकारात मनुष्य पुन्हा उमेदवार होतो, चुकतो आणि म्हणूनच वाढतो. आणि हे प्रकार त्यांनी हौसेने शोधले असे फारसे दिसत नाही. बहुतेक चाकरीने, शिष्यांनी, सरकारने, एकदा तर दुःखाने पुढे केले. आपल्यापुढेही असे काही ना काही येतच असते: एखाद्या जिल्ह्याचे जुने दफ्तर, परभाषक मित्राला समजावून द्यावयाचा एखादा मराठी शब्द, वडिलांच्या पत्रांचे गाठोडे. ते सोडावयास पुण्यास जाण्याची वाट पाहावी लागत नाही.