भूकंप नेमका कुठे झाला?

भूकंपानंतर थोड्याच वेळात बातमी येते : अपिकेंद्र अमुक गावाजवळ, खोली दहा किलोमीटर. शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी मला विचारले, “जमिनीखाली तर कोणी पाहायला जात नाही. मग हे कळते कसे?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांची सर्वांत मोठी अडचण ठरली ती घड्याळाची.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्याच्या हकिकती अभ्यासून केंब्रिजच्या जॉन मिचेल यांनी १७६० मध्ये एक विचार मांडला. भूकंपाचा हादरा लाटांच्या रूपाने पसरतो. तेव्हा निरनिराळ्या ठिकाणी तो कोणत्या वेळी पोहोचला हे कळले, तर उगमस्थान शोधता येईल. विचार अगदी बरोबर होता. पण त्या काळी प्रत्येक गावाची वेळ वेगळी आणि घड्याळांचा भरवसा नाही!

१६ डिसेंबर १८५७ रोजी दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला, तेव्हा रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने दुसरा मार्ग धरला. भिंतींना पडलेल्या भेगा आणि कोसळलेल्या वस्तू पाहून हादरा कोणत्या दिशेने आला असावा, हे त्याने गावोगाव हिंडून ठरवले. त्या दिशा नकाशावर मागे वाढवल्या आणि बहुतेक रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे उगम मानला. पण भेग कशी पडेल हे भिंतीच्या बांधणीवरही अवलंबून असते. शिवाय समुद्रात किंवा अरण्यात भिंती कुठून आणायच्या?

यापुढची गोष्ट आपल्या देशातली आहे. १२ जून १८९७ रोजी शिलाँग परिसरात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे त्याचा अभ्यास आला. हादरा कुठे किती वाजता जाणवला हे पाहायचे, तर रेल्वे आणि तारखाते मद्रासची वेळ पाळीत आणि कलकत्ता शहराची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३२ मिनिटे पुढे! वेळा एकमेकींशी जुळवून घेतल्या तरी घड्याळ मागेपुढे असण्याची शक्यता उरतेच. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने जाणारी लाट दोन मिनिटांत ३६० किलोमीटर जाते. म्हणजे घड्याळात दोन मिनिटांची चूक आणि नकाशावर ३६० किलोमीटरची!

या भूकंपाच्या नोंदी दूर इटलीतील उपकरणांवरही झाल्या होत्या. अशा नोंदी तपासून ओल्डहॅम यांनी १९०० मध्ये दाखवून दिले, की त्यांत तीन टप्पे दिसतात : आधी वेगवान प्राथमिक लाटा, मग दुय्यम लाटा आणि शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा. जपानमध्ये ओमोरी यांनीही पहिल्या बारीक कंपनाच्या कालावधीवरून अंतर काढण्याचे सूत्र बसवले.

यातले मर्म मुलांना असे सांगता येईल. शेजारच्या गावाहून दोन मुले एकाच वेळी निघाली. एक सायकलवर, दुसरा चालत. ती कधी निघाली हे आपल्याला माहीत नाही. पण सायकलवाल्यानंतर किती वेळाने दुसरा पोहोचला, यावरून गाव किती दूर आहे हे सांगता येते. प्राथमिक लाटेचा वेग सेकंदाला ६ आणि दुय्यम लाटेचा ३.५ किलोमीटर धरला, तर ४२० किलोमीटरसाठी त्यांना अनुक्रमे ७० व १२० सेकंद लागतील. फरक ५० सेकंद. म्हणजे दर सेकंदाच्या फरकामागे ८.४ किलोमीटर अंतर. आता घड्याळ अर्धा तास चुकलेले असले तरी बिघडत नाही. ते नीट चालत असले की पुरे, कारण आपल्याला हवा आहे तो फक्त फरक.

एका केंद्रावरून अंतर कळते, दिशा नाही. म्हणून त्या अंतराएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. तीन केंद्रांची तीन वर्तुळे जिथे मिळतात, तिथे अपिकेंद्र.

वर्गात हे करून पाहा. नकाशावर पुणे, हैदराबाद आणि नागपूर घ्या. फरक अनुक्रमे ३५, २५ आणि ५१ सेकंद धरा. (या प्रत्यक्ष नोंदी नव्हेत, मी अंतरांवरून काढलेले आकडे आहेत.) नकाशाच्या प्रमाणानुसार कंपासने वर्तुळे काढा. ती लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ मिळतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये तो पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला. भूकंपाची जागा अचूक शोधायची ती यासाठी. कुठली घरे मजबूत बांधायची, हे त्यावरून ठरते.

प्रत्यक्षात लाटांचा वेग खोलीनुसार बदलतो, म्हणून लाटांच्या प्रवासकाळाची कोष्टके वापरतात. आज संगणक अनेक केंद्रांवरील वेळा एकत्र घेऊन स्थान आणि खोली दोन्ही काढतो. केंद्रांची घड्याळे आता उपग्रहांच्या वेळेशी जुळवलेली असतात. मिचेल यांना हवी होती ती जुळलेली घड्याळे अखेर मिळाली आणि त्यांचीच जुनी कल्पना आज रोज वापरली जाते.