क्षयरोगी, त्याचे घर आणि त्याची विडी

1956 साली मद्रास शहरात क्षयरोगावर संशोधन करणारे एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारले होते. केंद्रापुढील प्रश्न एका वाक्यात मांडता येण्याजोगा होता : गरीब क्षयरोग्याला त्याच्या स्वतःच्या घरी ठेवून बरे करता येईल काय?

आज हा प्रश्न विचारण्याची गरजही भासणार नाही. त्या काळी मात्र क्षयरोग म्हटला की आरोग्यधाम, हे समीकरण डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनात पक्के होते. अजमेरजवळचे तिलोनिया, कुमाऊँच्या डोंगरातले भोवाली, आंध्रातले मदनपल्ली, मिरजेजवळची वानलेसवाडी अशा ठिकाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत आरोग्यधामे उभी राहिली. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा सकस आहार हेच तेथले औषध. कमला नेहरूंवर काही काळ भोवालीतच उपचार झाले. 1935 साली त्यांना युरोपला नेण्यात आले आणि 1936 साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्या घरी साधनांची वाण नव्हती, त्यांचीही ही गत. मग गिरणीतल्या मजुराची किंवा हमालाची काय कथा?

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ पॅस आले आणि 1952 साली स्वस्त व प्रभावी आयसोनियाझिड हाती आले. औषधे मिळाली, तरी खाटा कोठून आणायच्या? 1955 ते 1958 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने तर आणखी धक्का दिला. क्षयरोग हा शहरांचा, गिरण्यांचा रोग मानला जाई; प्रत्यक्षात खेड्यांतही त्याचे प्रमाण जवळजवळ तेवढेच आढळले. एवढ्या रुग्णांसाठी आरोग्यधामे बांधणे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला कधीच परवडणारे नव्हते.

मद्रासच्या केंद्राचे पहिले प्रमुख ब्रिटिश संशोधक वॉलेस फॉक्स होते. त्यांच्या नेतृत्वाखाली शहरातील गरीब, दाट वस्तीतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणाचीही निवड आड येऊ न देता, दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरी. औषधे दोघांना तीच, मुदतही तीच : एक वर्ष. आरोग्यधामातल्या रुग्णांना विश्रांती होती आणि आहारही चांगला होता. घरी राहिलेल्यांचे जेवण बेताचे, घर दाटीचे आणि अंगात थोडे बळ येताच कामावर जाणे भाग.

1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातल्या रुग्णांचे वजन अधिक वाढले होते. परंतु थुंकीतून रोगजंतू नाहीसे होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पुढे पाच वर्षे रुग्णांच्या कुटुंबीयांवर लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या घरच्या माणसांना क्षयरोग अधिक प्रमाणात झाला नाही. कुटुंबाला खरा धोका होता तो रोग ओळखला जाण्यापूर्वीच्या काळातला. औषध सुरू झाल्यावर तो झपाट्याने ओसरत होता. या निष्कर्षांनंतर जगभरात क्षयरोगाच्या उपचारांची दिशा बदलली, आणि पुढील काही दशकांत आरोग्यधामे ओस पडत गेली.

या यशाच्या पोटात एक अट दडलेली होती : रुग्णाने रोज, वर्षभर, न चुकता औषध घेतले पाहिजे. आरोग्यधामात परिचारिका समोर उभी राहून गोळी देई. घरी कोण देणार? फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न रुग्णाच्या चांगुलपणावर सोडून दिला नाही. केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करून औषध पोटात गेले की नाही हे पाहत. माणूस औषध का चुकवतो, हा वैद्यकशास्त्राने अभ्यासावा असा विषय आहे, हे येथे मान्य झाले. कारणेही समजण्याजोगी होती. पॅसची मात्रा मोठी असे आणि तिने मळमळ होई. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबे, ताप जाई; मग बऱ्या वाटणाऱ्या माणसाने आणखी नऊ महिने कडू औषध कशासाठी घ्यावे? यावर उपाय म्हणून मद्रासच्या संशोधकांनी आठवड्यातून दोनदाच, पण कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर औषध देण्याची पद्धत तपासून पाहिली. तिचे निष्कर्ष 1964 साली प्रसिद्ध झाले. नजरेसमोर औषध देण्याच्या ज्या पद्धतीचा पुढे जगभर प्रसार झाला, तिची एक महत्त्वाची पायाभरणी येथे झाली.

दरम्यान, बंगळूर येथे 1959 साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथे देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत एक वेगळीच पाहणी केली. अडाणी खेडूत रोगाकडे दुर्लक्ष करतो, म्हणून क्षयरोग पसरतो, असा त्या वेळी सरसकट समज होता. या दोघांनी तो तपासून पाहायचे ठरवले. ज्यांच्या तपासणीत क्षयरोग आढळला, त्यांना विचारण्यात आले : तुम्हाला काही त्रास होता का? काळजी वाटत होती का? मग तुम्ही काय केले?

1963 साली प्रसिद्ध झालेली उत्तरे व्यवस्थेला अंतर्मुख करणारी होती. बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. त्यांतील अर्ध्याहून अधिक जण सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथे बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते; थुंकी तपासलीच गेली नव्हती. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला होता, दवाखाना रुग्णापर्यंत पोहोचला नव्हता. या आणि अशा अभ्यासांच्या आधारे 1962 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी झाली. क्षयरोगासाठी निराळी यंत्रणा न उभारता साध्या दवाखान्यातच खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासावी, हे त्याचे सूत्र होते.

कागदावर हे सूत्र उत्तम होते; व्यवहारात ते क्षीण होत गेले. औषधांचा पुरवठा खंडित होई, दवाखाना लांब असे, एका खेपेसाठी दिवसाची मजुरी बुडे. आणि उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णाच्या नावापुढे नोंदवहीत शब्द लिहिला जाई ‘डिफॉल्टर’. कर्ज बुडवणाऱ्याला जे विशेषण लावतात, तेच औषध सुटलेल्या माणसाला लावले जात होते. औषध संपले म्हणून परत फिरलेला, मजुरीसाठी परगावी गेलेला आणि मळमळीने हैराण झालेला, असे तिन्ही रुग्ण या एका शब्दात कोंबले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द आपल्या व्याख्यांतून काढून टाकला तो 2013 साली.

मद्रासच्या प्रयोगाचा आणखी एक अर्थ नकळत रूढ झाला. बेताचे जेवण मिळूनही घरचे रुग्ण बरे झाले, तेव्हा आहाराला फारसे महत्त्व नाही, असे अनेकांनी धरून चालले. प्रयोगाने सिद्ध केले होते ते इतकेच, की औषधे रोगजंतूंचा नाश करतात. अशक्त शरीर तग धरते का, घरातली बाकीची उपाशी माणसे रोगापासून वाचतात का, हे प्रश्न निराळे होते. त्यांची उत्तरे मिळायला सहा दशके लागली. 2019 ते 2022 या काळात झारखंडमधील चार जिल्ह्यांत अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी 2,800 रुग्णांच्या घरी दरमहा शिधा पोहोचवला. रुग्णांना तर तो मिळालाच. शिवाय काही गटांत घरातल्या सर्वांना तांदूळ आणि डाळ देण्यात आली. 2023 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे कुटुंबीयांना नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्या रुग्णांच्या मृत्यूचा धोकाही पुष्कळ कमी आढळला. सरकारने 2018 पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा 500 रुपये देण्यास आरंभ केला होता; नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1,000 रुपये झाली.

घर, औषध, अन्न यांची अशी चर्चा चालू असताना रुग्णाच्या खिशातली विडी मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली. तिची दखल पुन्हा तमिळनाडूतच घेतली गेली. चेन्नईच्या वेंधन गजलक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चेन्नई शहरात आणि ग्रामीण भागात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मृत्यू पावलेल्या सुमारे 43,000 प्रौढ पुरुषांच्या घरच्यांना भेटून त्यांच्या सवयींची माहिती घेतली आणि ती 35,000 जिवंत पुरुषांच्या माहितीशी ताडून पाहिली. 2003 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मध्यम वयात क्षयरोगाने मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांमध्ये चौपटीहून अधिक होता. त्यावरून संशोधकांनी असा अंदाज बांधला, की भारतात क्षयरोगाने मरणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत आहे. तोवर धूम्रपान म्हटले की कर्करोग आणि हृदयविकार डोळ्यांपुढे येत. भारतात त्याची मोठी किंमत एका जुन्या संसर्गजन्य रोगाच्या खात्यावर पडत होती.

यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे दोष देण्याची होती : रुग्ण व्यसनी आहे, त्याला कोण काय करणार? साठ वर्षांपूर्वी खेडुताच्या अडाणीपणाबद्दल जे बोलले जात होते, त्याचाच हा नवा अवतार. आकडे निराळे सांगतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी 55.4 टक्के लोक ते सोडण्याच्या विचारात होते. त्याआधीच्या वर्षभरात डॉक्टरांकडे किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडे गेलेल्या धूम्रपींपैकी ज्यांना ‘हे सोडा’ असा सल्ला मिळाला, ते मात्र 48.8 टक्केच होते. म्हणजे निम्म्याहून अधिक जण दवाखान्यातून तसेच परतले. तुमकूरची खोकल्याच्या औषधाची बाटली येथे पुन्हा आठवते.

केरळमध्ये पुरुष क्षयरुग्णांचा जो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, त्यात या प्रश्नाचे मर्म दिसते. निदान होताच बहुतेकांनी धूम्रपान थांबवले होते. भीती आणि खोकला यांनी ते काम केले. परंतु सहा महिन्यांच्या आत त्यांतील बरेच जण पुन्हा त्याकडे वळले. खोकला थांबला की गोळी सुटते आणि खोकला थांबला की विडी परत येते, या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. निकोटीनची ओढ शरीराला असते, हे खरे. पण विडी ही चहाच्या टपरीवरची सोबत असते, कामाच्या मधली उसंत असते, रिकाम्या पोटाची समजूत असते. तिच्यावरचा कर सिगारेटपेक्षा नेहमी कमी राहिल्याने ती स्वस्तही असते. बरे वाटू लागलेला मजूर त्याच टपरीवर, त्याच सोबत्यांत परततो, तेव्हा त्याच्या निश्चयाला आधार देणारे तेथे कोणी नसते.

आधाराची व्यवस्था हळूहळू उभी राहते आहे. 2002 साली देशात तंबाखू सोडवण्यासाठी पहिली 13 केंद्रे सुरू झाली. 2016 साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आली. 1800-11-2356 हा तिचा क्रमांक 2018 पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. 2017 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने क्षयरोग आणि तंबाखू नियंत्रण या दोन कार्यक्रमांची सांगड घालणारा आराखडा जाहीर केला. प्रत्येक क्षयरुग्णाला तंबाखूविषयी विचारावे, त्याला थोडक्यात सल्ला द्यावा आणि सोडण्यासाठी मदत करावी, असे त्यात अपेक्षित आहे. क्षयरोगाचा उपचार निदान सहा महिने चालतो. एवढा दीर्घ आणि नियमित सहवास आरोग्य कर्मचाऱ्याला दुसऱ्या क्वचितच कोणत्या रुग्णाचा मिळतो. दर भेटीला दोन मिनिटे विडीविषयी बोलायला नवे यंत्र लागत नाही, नवे औषधही लागत नाही.

मद्रासचे ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. पाच वर्षांसाठी विचारलेला प्रश्न संपलेला नाही, त्याची व्याप्ती वाढली आहे. गोळी घेतली का, या प्रश्नाच्या जोडीला आता आणखी तीन प्रश्न आले आहेत : घरात खायला काय आहे, कामाचा दिवस बुडतो का आणि विडी पुन्हा सुरू झाली का? दारावर थाप मारणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने हे प्रश्न धाक न घालता विचारले, तर उत्तर खरे मिळण्याची शक्यता पुष्कळच वाढते.