अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे पूर्वानुमान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणता उमेदवार विजयी होईल, याविषयी मतदानापूर्वी किंवा मतमोजणी पूर्ण होण्यापूर्वी बांधलेला अंदाज म्हणजे या निवडणुकीचे पूर्वानुमान होय. जनमत चाचण्या, आर्थिक स्थितीवर आधारलेली गणिती प्रारूपे, सट्टाबाजारातील भाव आणि मतदानाच्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या मतदानोत्तर चाचण्या अर्थात एक्झिट पोल ही त्याची प्रमुख साधने आहेत.

ही निवडणूक अप्रत्यक्ष असल्यामुळे अंदाजाचे काम अधिक बिकट होते. विजयासाठी इलेक्टोरल कॉलेज या निर्वाचक मंडळाच्या ५३८ पैकी किमान २७० मतांची आवश्यकता असते. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडता प्रत्येक राज्याची सर्व निर्वाचक मते त्या राज्यात आघाडीवर असणाऱ्या उमेदवारालाच मिळतात. त्यामुळे देशभरातील मतांची टक्केवारी अचूक सांगूनही विजेत्याचे नाव चुकू शकते. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ या वर्षी देशभरात अधिक मते मिळवणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष होऊ शकला नाही.

आरंभ

१८२४ साली एका पेनसिल्व्हेनियन वृत्तपत्राने डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे घेतलेला कौल छापला. त्यात अँड्र्यू जॅक्सन यांना ३३५, तर जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना १६९ मते होती. अमेरिकेतील सर्वांत जुन्या जनमत कौलांत त्याची गणना होते. प्रत्यक्षातही जॅक्सन यांना अधिक मते मिळाली. परंतु कोणालाच निर्वाचक मतांचे बहुमत नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरात निवडणुकीवर मोठ्या रकमांच्या पैजा लागत आणि त्यांचे भाव वृत्तपत्रे नित्य छापत. हे भाव बहुधा विजेत्याकडेच झुकलेले असत. १९१६ साली मात्र बाजाराची पसंती चार्ल्स इव्हान्स ह्यूझ यांना होती आणि निवडून आले वुड्रो विल्सन.

लिटररी डायजेस्टचा कौल

लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने १९१६ ते १९३२ या काळातील पाचही निवडणुकांचे विजेते अचूक सांगितले होते. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी सुमारे २४ लाख भरून परत आल्या. त्यांच्या आधारे रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील, असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते मिळाली. ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली आणि लँडन यांच्या वाट्याला मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये आली.

साप्ताहिकाने पत्ते प्रामुख्याने दूरध्वनीच्या याद्या व मोटारगाड्यांच्या नोंदवह्यांतून घेतले होते. महामंदीच्या काळात दूरध्वनी वा मोटार बाळगणारा वर्ग तुलनेने सुस्थितीतील होता, हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत रूढ झाले आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. मतपत्रिका मिळालेल्या चौघांपैकी तिघांनी ती परत पाठवलीच नाही, आणि ती भरून पाठवण्याचा उत्साह रूझवेल्टविरोधकांत अधिक होता, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले.

त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेने सुमारे ५० हजार लोकांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला. इतकेच नव्हे, तर डायजेस्टचा कौल किती चुकेल हेही गॅलप यांनी तो सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकले होते. तथापि गॅलप यांचा अंदाज ५६ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तोही सुमारे पाच टक्क्यांनी कमीच पडला. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डायजेस्ट १९३८ साली बंद पडले.

१९४८ ची निवडणूक

बारा वर्षांनी गॅलप यांच्यावरही तीच वेळ आली. गॅलप, एल्मो रोपर व आर्चिबाल्ड क्रॉसली या तिघांनीही थॉमस ड्यूई हे हॅरी ट्रूमन यांचा पराभव करतील असे भाकीत केले. निकाल ठरल्यासारखाच आहे असे मानून रोपर यांनी सप्टेंबरमध्येच चाचण्या आवरत्या घेतल्या. शिकागो डेली ट्रिब्यूनने तर ड्यूई जिंकल्याचा मथळा छापला. विजयी ट्रूमन तो अंक हातात उंचावून दाखवत आहेत, हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. अखेरच्या आठवड्यांतील मतपरिवर्तन नजरेआड होणे आणि मुलाखतीसाठी माणसे निवडण्याची कोटा पद्धत ही चुकीची मुख्य कारणे ठरली. कोटा पद्धतीत वय, लिंग इत्यादींचे प्रमाण ठरलेले असे, पण त्या मर्यादेत कोणाला प्रश्न विचारायचे हे मुलाखतकाराच्या मर्जीवर असे. यानंतर यादृच्छिक नमुन्याकडे कल वाढला.

निकालाच्या रात्रीचे अंदाज

१९५२ साली सीबीएस वाहिनीने युनिव्हॅक संगणकाचा वापर केला. थोडीच मते मोजली गेली असताना यंत्राने ड्वाइट आयझेनहॉवर यांना ४३८ निर्वाचक मते मिळतील असे सांगितले. चुरशीच्या लढतीची अपेक्षा असल्याने वाहिनीने तो आकडा लगेच जाहीर केला नाही. अंतिम आकडा ४४२ होता.

१९८० साली पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत मतदान चालू असतानाच रोनाल्ड रेगन विजयी झाल्याचे दूरचित्रवाणीवरून सांगण्यात आले आणि जिमी कार्टर यांनी पराभवही मान्य केला. तेथील अनेक मतदारांनी मग घराबाहेर पडण्याचे टाळले का, यावर दीर्घ वाद झाला. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी अल गोर यांना दिले, मग मागे घेतले, पहाटे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना दिले आणि तेही मागे घेतले. या राज्याचा अधिकृत निकाल अखेर ५३७ मतांच्या फरकाने लागला.

गणिती प्रारूपे

येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रे फेअर यांनी १९७८ पासून आर्थिक वाढ व महागाई यांवरून सत्ताधारी पक्षाच्या मतांचे समीकरण मांडले. १९९२ साली ते चुकले. इतिहासकार अ‍ॅलन लिक्टमन यांनी १९८१ साली रशियन भूकंपशास्त्रज्ञ व्लादिमिर केइलिस-बोरोक यांच्यासह १३ विधानांची पद्धत तयार केली. त्यांतील सहा किंवा अधिक असत्य ठरल्यास सत्ताधारी पक्ष हरतो, असे ती मानते. २०१६ साली या पद्धतीने डोनाल्ड ट्रम्प यांचा विजय सांगितला, पण २०२४ साली कमला हॅरिस यांचा विजय वर्तवून ती चुकली. अशा सर्व प्रारूपांची मूळ अडचण सामग्रीच्या तुटवड्याची आहे: १९४८ ते २०२४ या काळात अशा केवळ २० निवडणुका झाल्या.

नेट सिल्व्हर यांनी अनेक चाचण्या एकत्र करून संभाव्यता सांगण्याची पद्धत लोकप्रिय केली. २००८ मध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्यांचे, तर २०१२ मध्ये सर्व ५० राज्यांचे विजेते बरोबर सांगितले.

२०१६ आणि त्यानंतर

२०१६ साली सिल्व्हर यांच्या प्रारूपाने ट्रम्प यांच्या विजयाची संभाव्यता सुमारे २९ टक्के दिली होती, तर इतर काही प्रारूपांनी हिलरी क्लिंटन यांचा विजय ९८ ते ९९ टक्के निश्चित मानला होता. देशव्यापी चाचण्या फारशा चुकल्या नाहीत. क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. चुकल्या त्या मुख्यतः राज्यांतील चाचण्या. मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी निकाल फिरवला. पदवी नसलेल्या मतदारांना अनेक चाचण्यांत योग्य भार दिला गेला नव्हता, असे नंतरच्या परीक्षणात आढळले.

या भाकितांचा परिणाम केवळ प्रतिष्ठेपुरता नव्हता. मतदानाच्या ११ दिवस आधी क्लिंटन यांच्या ईमेलविषयी काँग्रेसला पत्र पाठवणारे एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी, क्लिंटन निवडून येणारच या समजुतीचा आपल्या निर्णयावर प्रभाव पडला असण्याची शक्यता पुढे मान्य केली. विजयाची टक्केवारी ऐकून लोक निकाल निश्चित समजतात आणि मतदानाची इच्छा कमी होऊ शकते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

दूरध्वनीवरील चाचण्यांना मिळणारा प्रतिसादही ओसरला आहे. प्यू संशोधन केंद्राच्या चाचण्यांत तो १९९७ मधील ३६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. २०२० साली जो बायडेन जिंकले, तरी त्यांची आघाडी चाचण्यांनी बरीच फुगवून दाखवली होती. २०२४ साली बहुतेक प्रारूपांनी लढत बरोबरीची मानली, तर पॉलीमार्केट या पैजांच्या बाजाराचा कल ट्रम्प यांच्याकडे होता. आयोवा राज्यातील अत्यंत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या चाचणीने तेथे हॅरिस यांना तीन टक्क्यांची आघाडी दिली होती. ट्रम्प यांनी ते राज्य सुमारे १३ टक्क्यांच्या फरकाने जिंकले आणि देशात ३१२ निर्वाचक मते मिळवली.