प्रा. व्ही. रामगोपाल राव
स्फोटकांचा सूक्ष्म माग काढणारे विद्युत अभियंते आणि सूक्ष्मसंवेदकांचे अभ्यासक म्हणून प्रा. रामगोपाल राव ओळखले जातात. त्यांचे जन्मगाव कोल्लापूर हे तेलंगणात आहे. नावसाधर्म्यामुळे त्याची आपल्या कोल्हापूरशी गल्लत होऊ शकते. महाराष्ट्राशी त्यांचे नाते मात्र खरे आहे, ते पवईच्या आयआयटीमुळे. तेथे १९९१ मध्ये एम.टेक. केल्यावर त्यांनी म्युनिकच्या विद्यापीठातून १९९७ मध्ये पीएच.डी. मिळविली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करून १९९८ मध्ये ते पवईत अध्यापक म्हणून परतले.

ट्रान्झिस्टरवरील संशोधनाकडून ते संवेदकांकडे वळले. या संवेदकाचे तत्त्व सोपे आहे. जलतरण तलावावरील उडी मारण्याच्या फळीप्रमाणे एका टोकाला जखडलेली, केसाहूनही पातळ अशी पट्टी कल्पावी. तिच्यावर विशिष्ट रसायनाचा लेप दिलेला असतो. हवेतील वा रक्तातील नेमके रेणू त्यावर चिकटताच पृष्ठभागावर ताण येतो, पट्टी किंचित वाकते आणि तिच्यातील विद्युतरोध बदलतो. हा बदल मोजला की रेणूची चाहूल लागते. सिलिकॉनऐवजी पॉलिमरच्या पट्ट्या वापरून खर्च कमी करण्यावरही त्यांच्या गटाने काम केले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढणारी प्रथिने ओळखणे आणि स्फोटकांचा माग काढणे, ही त्यामागची दोन उद्दिष्टे होती.

विमानतळ वा रेल्वेस्थानकावर असे यंत्र हवे, तर ते परवडणारेही असावे लागते. या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ‘नॅनोस्निफ’ कंपनीचे ‘नॅनोस्निफर’ हे स्फोटकशोधक यंत्र एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आले. प्रयोगशाळेतील कल्पना ग्राहकापर्यंत पोहोचायला एक तपाहून अधिक काळ लागला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या महागड्या सुविधा सर्वत्र उभारणे शक्य नसते. म्हणून पवई व बंगळुरू येथील केंद्रांची दारे देशभरातील संशोधकांना खुली करणाऱ्या योजनेतही राव यांचा पुढाकार होता. कोल्हापूरसारख्या शहरांतील होतकरू संशोधकांना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यांना २००५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१३ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २०१६ ते २०२१ या काळात ते दिल्ली आयआयटीचे संचालक होते. त्यानंतर त्यांनी बिट्स पिलानीच्या कुलगुरूपदाची धुरा स्वीकारली.